मेजर व्हायला एकोणीस वर्षं, मग बारा वर्षांत जनरल: स्लिमची कारकीर्द कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या आर्मीचा ब्रिटिश सेनानी, फील्ड मार्शल विल्यम स्लिम, १९१४ साली सेकंड लेफ्टनंट झाला, मेजर व्हायला १९३३ उजाडलं, आणि १९४५ मध्ये तो पूर्ण जनरल होता. त्याच्या नोंदीत प्रत्येक हुद्द्याला ॲक्टिंग, टेम्पररी, ब्रेव्हेट, सबस्टँटिव्ह असे शब्द चिकटलेले, त्यामुळे खरा हुद्दा कोणता तेच कळत नाही. ही बढती युद्धामुळे नशिबाने मिळाली का? आणि १९४८ ला निवृत्त झालेला माणूस १९४९ ला फील्ड मार्शल कसा होतो, ही छापण्यातली चूक आहे का? विचारणारे सीडीएसची, म्हणजे लष्करी अधिकारी भरतीच्या परीक्षेची, तयारी करत आहेत आणि मुलाखतीत लष्करी इतिहासावर बोलायचं आहे, असं त्यांनी लिहिलंय.

मी पायदळात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी मराठा पलटणीत. नंतर बेळगावात तरुण अधिकाऱ्यांना शिकवलं. स्लिमवर मी इतक्या वेळा बोललोय की उत्तर लांबणार, तेव्हा निवांत वाचा.

आधी हुद्द्यांचा गुंता सोडवू, कारण तो सुटला की निम्मा प्रश्न सुटतो.

सबस्टँटिव्ह म्हणजे कायमचा हुद्दा, तुमच्या हक्काचा. तो सहसा कुणी काढून घेत नाही. ॲक्टिंग म्हणजे ती जागा सांभाळताय तोपर्यंतचा. जागा सोडली की हुद्दा गेला. ॲक्टिंग म्हणून काही काळ काढला की टेम्पररी मिळतो. तो जरा जास्त टिकतो, पण तोही उसनाच. ब्रेव्हेट हा निराळाच प्रकार. चांगलं काम केलेल्या अधिकाऱ्याला सैन्यात वरचा हुद्दा आणि ज्येष्ठता द्यायची, पण त्याच्या पलटणीत त्याची जागा तीच ठेवायची. ब्रेव्हेट मेजर पलटणीत गेला की कॅप्टनच्या जागी कॅप्टनचं काम करतो. तरीही त्या काळी ब्रेव्हेटला फार मोल होतं, कारण शांततेच्या वर्षांत ‘या माणसावर वरच्यांची नजर आहे’ हे सांगणारी दुसरी खूणच नव्हती.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडेही ॲक्टिंग हुद्दे होते. मी सात महिने ॲक्टिंग मेजर म्हणून कंपनी सांभाळली. मग दुसरीकडे नेमणूक झाली आणि निघण्याच्या आदल्या रात्री खांद्यावरचा अशोकस्तंभ काढून पुन्हा कॅप्टनचे तीन स्टार लावले. माझा सहायक ते स्टार ब्रासोने घासत होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता. म्हणून कागदावर ‘टेम्पररी मेजर, १९१८, कॅप्टन, १९१९’ अशी ओळ दिसली की तिच्यामागे काय असतं ते मला ठाऊक आहे. ही ओळ स्लिमची आहे. सत्ताविसाव्या वर्षी तो टेम्पररी मेजर होता. लढाई संपली, तो हिंदी लष्करात कॅप्टन म्हणून कायम झाला, आणि हक्काचा मेजर व्हायला त्याला एक्केचाळीस वर्षं पुरी करावी लागली. मध्ये १९३० ला ब्रेव्हेट मिळालं, म्हणजे नजर होती. पण हिंदी लष्करात मेजरचा हुद्दा सेवेची वर्षं मोजून मिळे, आणि वर्षं कुणासाठी लवकर सरत नाहीत.

आता तुमचा मूळ प्रश्न, नशिबाचा. युद्ध झालं नसतं तर स्लिम बहुधा एखादी ब्रिगेड सांभाळून निवृत्त झाला असता, हे मला मान्य आहे. पण युद्ध सगळ्यांनाच आलं होतं. त्याच्या बरोबरीचे आणि त्याच्याहून ज्येष्ठ असे कितीतरी अधिकारी त्याच युद्धात घरी पाठवले गेले. म्हणून कारकीर्द वाचताना हुद्द्याची रकाना-पट्टी बाजूला ठेवा आणि तिच्या शेजारी दोन गोष्टी लिहा: त्या वर्षी माणसाच्या हाताखाली प्रत्यक्षात काय होतं, आणि त्या वर्षी काय बिघडलं. स्लिमच्या बाबतीत दुसरा रकाना भरपूर भरतो.

जन्म ६ ऑगस्ट १८९१, ब्रिस्टलचा. वडील लोखंडी सामानाचे व्यापारी, पुढे कुटुंब बर्मिंगहॅमला आलं आणि वडिलांचा धंदा बसला. घरात एवढा पैसा नव्हता की दोन्ही मुलांना विद्यापीठात पाठवता येईल, म्हणून स्लिमने गरीब वस्तीतल्या शाळेत शिकवलं आणि मग नळ्या बनवणाऱ्या स्टूअर्ट्स अँड लॉइड्स कंपनीत कारकुनी केली. त्याला सैन्यात जायचं होतं. पण त्या काळी ब्रिटिश पलटणीत अधिकाऱ्याच्या पगारावर अधिकाऱ्यासारखं राहणं अशक्य होतं. मेस, गणवेश, घोडा, सगळ्याला घरचा पैसा लागे. तो १९१२ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या ऑफिसर्स ट्रेनिंग कोअरमध्ये शिरला, विद्यापीठाचा विद्यार्थी नसताना. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच त्याला रॉयल वॉरिकशर रेजिमेंटमध्ये तात्पुरतं कमिशन मिळालं. ते दार उघडलं ते युद्धामुळेच. पण दारापाशी तो दोन वर्षं आधीपासून उभा होता.

ऑगस्ट १९१५, गॅलिपोली. सारी बेअरच्या कड्यावर सहाव्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या पलटणीशेजारी लढताना त्याला गोळी लागली आणि तो जबर जखमी झाला. ती गुरखा पलटण त्याच्या मनात घर करून बसली. तिच्यापर्यंत पोचायला मात्र त्याला बराच वळसा पडला. वेस्ट इंडिया रेजिमेंटमध्ये कायमचं कमिशन, कारण तिथे पगारात भागत होतं. मग मेसोपोटेमिया, १९१७ मध्ये तिथे दुसऱ्यांदा जखमी, मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक, हिंदुस्थानात रवानगी, मुख्यालयात टेबलावरचं काम. १९१९ मध्ये हिंदी लष्करात बदली आणि १९२० मध्ये, अखेर, त्याच गुरखा पलटणीत. तिथे तो ॲडज्युटंट, म्हणजे पलटणीचा कारभार बघणारा अधिकारी, झाला, गुरखाली बोलायला शिकला. पुढे दहा लाखांच्या सेनेपुढे जीपवर उभं राहून तो माणसांशी त्यांच्याच भाषेत बोलत असे, त्याची सुरुवात त्या १९२० च्या बराकीतली आहे.

मधली वीस वर्षं मी इथे उरकतोय, पण तुम्ही वाचताना उरकू नका. १९२६ मध्ये क्वेट्ट्याचं स्टाफ कॉलेज, मग मुख्यालय, मग इंग्लंडमध्ये कँबर्लीच्या स्टाफ कॉलेजात हिंदी लष्कराचा प्रतिनिधी म्हणून शिकवणं, १९३७ मध्ये इंपीरियल डिफेन्स कॉलेज. घरखर्च भागत नसे म्हणून तो ‘अँथनी मिल्स’ या नावाने मासिकांत गोष्टी लिहायचा. स्लिम हे नाव इंग्रजीत उलटं वाचलं की मिल्स होतं. साधं, मुद्द्याचं, कुणालाही कळेल असं लिहायची सवय त्याला या गोष्टींनी लावली असं माझं मत आहे. त्याचे आदेश वाचलेत तर पटेल.

१९३८ मध्ये, सेहेचाळीसाव्या वर्षी, त्याला पहिल्यांदा पलटण मिळाली: सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी पलटण, शिलाँगला. आजच्या हिशेबाने हे वय फार झालं. जून १९३९ मध्ये तो ब्रिगेडियरच्या हुद्द्यावर बेळगावच्या सीनियर ऑफिसर्स स्कूलचा प्रमुख झाला. आपल्या वाचकांपैकी ज्यांचं कुणी ना कुणी मराठा रेजिमेंटमध्ये आहे त्यांना बेळगावचा कँप सांगायला नको. मी तिथे सकाळच्या पीटीला लाल मातीच्या रस्त्यावरून पळताना अनेकदा मनाशी म्हणायचो, हा माणूस इथे होता तेव्हा एकही मोठी फौज त्याने कधी लढवली नव्हती, आणि सहा वर्षांनी त्याने ब्रह्मदेश जिंकला.

आता ‘काय बिघडलं’चा रकाना.

६ नोव्हेंबर १९४०. सुदान आणि ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) सीमेवर गल्लाबात नावाचा किल्लेवजा ठाणा इटालियनांच्या हातात होता. स्लिम दहाव्या हिंदी ब्रिगेडचा कमांडर. पहाटे विमानं आणि तोफा, मग रणगाडे आणि गढवाली जवान, आणि गल्लाबात घेतलाही. पण रणगाड्यांपैकी बहुतेकांचे पट्टे दगडांनी आणि सुरुंगांनी तुटले. इटालियन विमानांनी आपली लढाऊ विमानं पाडली आणि मग उघड्या खडकावर बाँबफेक सुरू झाली, जिथे खंदक खणायला हातभर माती नव्हती. एका ब्रिटिश पलटणीतल्या काही जणांचा धीर सुटला आणि ते मागे पळत सुटले. पलीकडचं मेतेम्मा घ्यायचं होतं. स्लिमने विचार केला, बरोबरच्यांना विचारलं, आणि ब्रिगेड मागे घेतली.

नंतर कळलं की पलीकडचा शत्रूही मोडायच्या बेतात होता. स्लिमने पुढे स्वतःच्या आठवणींत हे प्रकरण दडवलं नाही. दोन मार्ग होते आणि चांगल्या सेनानीने धाडसाचा निवडायला हवा होता, मी माझ्या भीतीचा सल्ला ऐकला, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. फील्ड मार्शल झाल्यावर कुणी असं लिहायला सांगत नाही.

मी हे प्रकरण वर्गात नकाशावर घ्यायचो. निर्णयाच्या क्षणापर्यंत आणून मुलांना विचारायचो, तुम्ही काय कराल? दर वेळी अर्ध्याहून अधिक जण मागे घ्यायला सांगायचे. कारणंही अगदी योग्य द्यायचे: रणगाडे नाहीत, विमानं नाहीत, जवान दमलेत. प्रत्येक कारण खरं असतं आणि तरी निर्णय चुकू शकतो, हे एरवी सांगून पटत नाही.

गल्लाबातचं आणखी एक शेपूट आहे. जी पलटण डळमळली ती एसेक्स रेजिमेंटची, आणि स्लिमने तिच्या कमांडिंग ऑफिसरला, म्हणजे सीओला, हटवलं. हे लक्षात ठेवा, दोन वर्षांनी परत भेटणार आहे.

जानेवारी १९४१ मध्ये एरिट्रियात विमानातून झाडलेल्या गोळ्यांनी तो पुन्हा जखमी झाला, बरा झाला, आणि इराकमध्ये दहावी हिंदी डिव्हिजन त्याच्याकडे आली. बगदाद, सीरियातलं देइर एझ-झोर, मग इराण. या मोहिमा छोट्या होत्या. पण इंधन आणि पाणी मोजत लांबच लांब पल्ले मारायचं शिक्षण त्याला इथे मिळालं.

मार्च १९४२. रंगून पडलं होतं. त्याआधी फेब्रुवारीत सितांग नदीवरचा पूल सतराव्या डिव्हिजनचे बरेचसे जवान पलीकडच्या काठावर असतानाच उडवावा लागला होता. अशा वेळी स्लिमला बोलावून ‘बर्मा कोअर’ दिली (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेली फौज), म्हणजे आणखी एक बढती, ॲक्टिंग लेफ्टनंट जनरल. तक्त्यात ही ओळ फार शोभते. प्रत्यक्षात त्याच्या हाती एक मोडलेली फौज होती, पुढे शेकडो मैलांची माघार होती आणि वर पावसाळा. येनांजाँगच्या तेलविहिरी आपल्याच हातांनी पेटवल्या. चिंदविन नदी ओलांडताना रणगाडे, ट्रक, तोफा बहुतेक मागेच सोडाव्या लागल्या. मे महिन्यात ते जवान इंफाळच्या बाजूला आले तेव्हा कपड्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, पण हातात शस्त्रं होती आणि रांग मोडलेली नव्हती. स्लिम रस्त्याच्या कडेला उभा राहून ते बघत होता.

इंफाळला त्यांचं स्वागत करायला होता जनरल नोएल आयर्विन. त्याने या दमलेल्या लोकांना ना धड निवारा दिला ना दोन बरे शब्द. स्लिमशीही तो उर्मटपणे बोलला. या आयर्विनची मूळ रेजिमेंट एसेक्स. गल्लाबातला एसेक्सच्या सीओला हटवलं होतं ते प्रकरण तो विसरला नव्हता. १९४३ मध्ये अराकानची, म्हणजे ब्रह्मदेशाच्या किनारपट्टीवरची, पहिली मोहीम फसली. ती आयर्विनच्या देखरेखीखाली आखलेली होती, स्लिमला अगदी शेवटी, सगळं विस्कटल्यावर सांभाळायला पाठवलं होतं. आयर्विनने खापर स्लिमवर फोडून त्याला काढायचं ठरवलं. स्लिम सामान बांधायच्या तयारीत होता, इतक्यात आयर्विनचाच निरोप आला, की तुम्हाला काढलेलं नाही, मलाच काढलंय.

हे नशीब म्हणायचं का? थोडंसं हो. वरती कुणीतरी कागद नीट वाचले आणि ठरवलं. पण मी सैन्यात पाहिलंय, अशा वेळी माणूस वाचतो तो हाताखालच्या लोकांच्या शब्दावर. एका वरिष्ठाने माझ्याविरुद्ध वाईट गोपनीय अहवाल लिहिला होता, ज्या कामाचा निर्णय त्याचा होता त्याच कामाबद्दल. तेव्हा माझे सुभेदार मेजर साहेब न बोलावता ब्रिगेड कमांडरसमोर जाऊन उभे राहिले होते. ती गोष्ट मी त्यांच्या घरच्यांना आजही सांगतो.

ऑक्टोबर १९४३ मध्ये चौदावी आर्मी स्लिमकडे आली. इथून पुढचं सगळे इंफाळ-कोहिमाच्या लढाईपासून सुरू करतात. मी गोळ्यांपासून सुरू करेन, मलेरियाच्या.

१९४३ मध्ये त्या आघाडीवर एक जखमी माणूस मागे पाठवला जाई तेव्हा आजारी म्हणून एकशेवीस जण पाठवले जात. मलेरियाचं वर्षाचं प्रमाण सेनेच्या एकूण संख्येच्या चौऱ्याऐंशी टक्के. आजारी माणूस हिंदुस्थानातल्या दूरच्या इस्पितळात गेला की कित्येक महिने परत येत नसे. स्लिमने दोन गोष्टी केल्या. आघाडीच्या मागे काही मैलांवरच उपचाराची ठाणी उभारली, म्हणजे ताप आलेल्याला दिवसभरात उपचार आणि काही आठवड्यांत पलटण. आणि मलेरियावरची मेपाक्रिनची गोळी रोज प्रत्येकाने गिळलीच पाहिजे असा हुकूम काढला. त्या गोळीने कातडी पिवळी पडे, आणि मर्दानगी जाते अशी अफवाही होती, त्यामुळे जवान ती फेकून देत. मग अचानक तपासणी सुरू झाली: एखाद्या पलटणीतल्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं, गोळीचा अंश पंच्याण्णव टक्क्यांपेक्षा कमी जणांत सापडला तर सीओ घरी. स्लिमने लिहिलंय की तीनच सीओ काढावे लागले, तेवढ्याने बाकीचे समजले. १९४५ पर्यंत आजाऱ्यांचं प्रमाण दिवसाला हजारात एकावर आलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ईशान्येत एका पोस्टवर कंपनी कमांडर होतो. आमच्याकडे संध्याकाळच्या रोल कॉलला मलेरियाची गोळी दिली जायची. मी ऑफिसात बसून सह्या करायचो आणि समजायचो की काम होतंय. ते वाचल्यावर दुसऱ्या संध्याकाळी जाऊन उभा राहिलो. पहिल्या रांगेतल्या एका पोराने गोळी जिभेखाली ठेवली, पाणी प्यायला, आणि पाच पावलं गेल्यावर थुंकली. सुभेदार साहेबांनी त्यावर इलाज काढला. गोळी टाकायची, पाणी प्यायचं, आणि लगेच खणखणीत आवाजात स्वतःचा नंबर, हुद्दा, नाव सांगायचं. जिभेखाली गोळी ठेवून ‘शिपाई’ हा शब्द नीट निघत नाही. दोन महिन्यांत माझ्या कंपनीतले तापाचे पेशंट एका हाताच्या बोटांवर आले. फौज चालवणं म्हणजे मुळात काय, हे मला त्या दोन महिन्यांत समजलं, आणि स्लिमने काय केलं होतं तेही.

तसंच हवाई छत्र्यांचं. जंगलात तुटलेल्या तुकड्यांना विमानातून रसद टाकायची तर छत्र्या हव्यात, आणि रेशमाच्या छत्र्या त्या आघाडीच्या वाट्याला येत नव्हत्या. स्लिमच्या लोकांनी कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या बनवून घेतल्या. एका छत्रीचा खर्च सुमारे एक पौंड, नेहमीच्या छत्रीला सुमारे वीस. एखादी तुकडी अर्ध्या रेशनवर असेल तर स्लिमचं मुख्यालयही अर्ध्या रेशनवर. रसद वेळेवर पाठवायची काळजी मग मुख्यालयातल्या प्रत्येकाला आपोआप लागे.

लढाईचं तंत्रही असंच सरळ होतं. जपानी मागे येऊन रस्ता तोडत आणि आपले लोक ‘वेढलो गेलो’ म्हणून माघार घेत. स्लिमने शिकवलं, जागा सोडायची नाही, रसद वरून येईल, आणि मग मागे घुसलेला जपानीच वेढ्यात सापडलेला असेल. फेब्रुवारी १९४४ मध्ये अराकानात हे पहिल्यांदा जमलं, आणि मार्च ते जुलै इंफाळ-कोहिमाला त्याचा कस लागला. तिथेही त्याच्याकडून चुका झाल्या. सतराव्या डिव्हिजनला तिद्दीमहून मागे घेण्याची वेळ त्याने खालच्या कमांडरवर सोडली आणि उशीर झाला. कोहिमावर एखादी रेजिमेंट येईल असा त्याचा अंदाज होता, अख्खी एकतिसावी डिव्हिजन आली. या दोन्ही चुका माझ्या, असं त्याने लिहून ठेवलंय. अशा चुकांची किंमत चुकवणाऱ्यांत आपली चौथी मराठा पलटणही होती. पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर सांगशाकच्या टेकडीवर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, पाण्यावाचून, काटेरी तारेवाचून, ती लढली. आमच्या पलटणींमध्ये सांगशाकचं नाव अजून घेतलं जातं.

आणि एक गोष्ट आपण हिंदुस्थानी वाचकांनी टाळू नये. त्याच टेकड्यांवर समोरच्या बाजूला आझाद हिंद सेनेचे जवान होते. एप्रिल १९४४ मध्ये त्यांनी मोइरांगला तिरंगा फडकवला. स्लिमचं त्यांच्याबद्दलचं मत हलकं होतं आणि त्याने ते तसंच लिहिलं. मी त्या पानाशी सहमत नाही. त्याच पानात असंही आहे की शरण येणाऱ्या आझाद हिंदच्या जवानांना आपल्याच बाजूचे हिंदी आणि गुरखा शिपाई सहज शरण येऊ देत नव्हते, आणि त्यांना नीट वागवा असा हुकूम काढावा लागला. मुलाखतीत स्लिमबद्दल बोलाल तर हेही बोला.

डिसेंबर १९४४ मध्ये इंफाळला व्हाइसरॉय वेव्हेलने त्याला ‘सर’ हा किताब दिला. अडीच वर्षांपूर्वी ज्या गावात त्याच्या माणसांना चिखलात झोपावं लागलं होतं तेच गाव. मग इरावतीची मोहीम: मंडालेसमोर एक कोअर दाखवायची, खोटी वायरलेस वाहतूक चालू ठेवायची, आणि दुसरी कोअर गुपचूप पश्चिमेच्या खोऱ्यातून खाली नेऊन शत्रूच्या पाठीमागे मेक्टिला घ्यायचं. मार्च १९४५ च्या पहिल्या आठवड्यात मेक्टिला पडलं आणि महिना संपण्याआधी मंडाले. मेक्टिलावर जी सतरावी डिव्हिजन धडकली, तीच सितांगच्या पुलावर फुटलेली सतरावी डिव्हिजन.

मे महिन्यात रंगून हाती आलं आणि लगेच त्याचा वरिष्ठ, जनरल लीझ, त्याला म्हणाला की तुम्ही दमलात, पुढची मलायाची मोहीम दुसरा कुणीतरी करेल. स्लिमने भांडण केलं नाही, निवृत्ती घेतो म्हणाला. बातमी सेनेत पसरली, लंडनपर्यंत गेली, आणि शेवटी लीझला जावं लागलं. १ जुलै १९४५ ला स्लिम जनरल झाला आणि लीझच्याच जागी आला. तीन वर्षांत दुसऱ्यांदा, त्याला काढायला निघालेला वरिष्ठच घरी गेला.

इथे माझ्या मनातली एक सल सांगतो. कारकुनी करून आलेला इंग्रज या लष्करात वरपर्यंत जाऊ शकला, ही गोष्ट मोठीच आहे. पण जानेवारी १९४५ मध्ये अराकानात कांगावच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदी होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. तिघांनाही डीएसओ हे पदक मिळालं. असं क्वचितच घडत होतं, म्हणून त्याची इतकी चर्चा झाली. त्यांच्यासारख्यांना त्या लष्करात वरची शिडीच नव्हती. ती लावायला १९४७ यावं लागलं. स्लिमचा तक्ता वाचताना हा न लिहिलेला तक्ताही शेजारी असू द्या.

आता तुमची शेवटची शंका. छापण्यातली चूक नाही. १९४६ पासून इंपीरियल डिफेन्स कॉलेजचा प्रमुख असलेला स्लिम १९४८ मध्ये खरोखरच निवृत्त झाला आणि ब्रिटनच्या नव्याने सरकारी झालेल्या रेल्वेत उपाध्यक्ष म्हणून कामाला लागला. त्याच वर्षी माँटगोमरी इंपीरियल जनरल स्टाफचा प्रमुख, म्हणजे ब्रिटिश लष्कराचा सर्वोच्च अधिकारी, म्हणून पायउतार होत होता आणि त्याला आपल्या मर्जीतला जनरल क्रॉकर तिथे हवा होता. पंतप्रधान ॲटलींनी स्लिमचं नाव घेतलं. मी क्रॉकरला सांगून बसलोय, असं माँटगोमरी म्हणाला, तर ॲटलींनी त्याला जाऊन नाही म्हणून सांगा असं थोडक्यात उत्तर दिलं, असा किस्सा सांगतात. त्या पदावर बसणारा स्लिम हा हिंदी लष्करातून आलेला पहिला अधिकारी, आणि जानेवारी १९४९ मध्ये तो फील्ड मार्शल झाला.

१९५३ ते १९६० तो ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल होता. त्या काळाबद्दल पुढे एक गंभीर गोष्ट समोर आली: ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या मुलांच्या फेअरब्रिज शेतशाळेत लहानपणी राहिलेल्या काही जणांनी त्याने आपल्याशी अश्लील वर्तन केल्याचे आरोप केले. तो तेव्हा हयात नव्हता आणि त्याच्या मुलाने ते नाकारले. कॅनबेरातल्या रस्त्याला असलेलं त्याचं नाव मात्र बदललं गेलं. इतकी वर्षं या माणसावर शिकवल्यावर हे लिहिताना मला त्रास होतो, पण कारकीर्द पूर्ण वाचायची तर ही ओळ गाळता येत नाही.

१४ डिसेंबर १९७० ला लंडनमध्ये तो वारला. ब्रिटिश लष्करात फील्ड मार्शल निवृत्त होत नाही, त्याचं नाव मरेपर्यंत कार्यरत अधिकाऱ्यांच्या यादीत राहतं. तेव्हा तुमच्या टिपणात ‘१९४८, निवृत्त’ ही ओळ असू द्या, तिच्याखाली ‘पुन्हा सेवेत; १९४९, फील्ड मार्शल’ लिहा, आणि त्यानंतर थेट १९७०.